अमृतच्या वाट्याचा रोट

धुडकूला त्याच्या नावावरून कुणी चिडवलं तर तो चिडत नाही. उलट नावामागची गोष्ट तोच आधी सांगून मोकळा होतो. त्याच्या आईची आधीची तीन पोरं पाळण्यातच गेली. चौथं तरी जगावं म्हणून त्याला जन्मल्या जन्मल्या उकिरड्याच्या धुळीत लोळवलं आणि नाव ठेवलं धुडकू. असल्या नावाच्या पोराकडे कुणाची नजर जात नाही, यमाचीसुद्धा नाही, असा हिशेब. हिशेब चुकला नाही. धुडकूनं पन्नाशी ओलांडली, दात शाबूत आहेत, आणि पोत्याला टाका घालताना चष्मा लागत नाही.

पोरगा झाला तेव्हा मात्र बायकोनं ऐकलं नाही. प्रतिभा तिचं नाव. ती म्हणाली, "एक तरी चांगलं नाव राहू द्या घरमा." म्हणून पोराचं नाव पडलं अमृत. पोरगा फौजेत गेल्यापासून धुडकूला राहून राहून वाटतं की नाव जरा जास्तच देखणं ठेवलं. दगड्या, उकड्या असं काहीतरी ठेवायला हवं होतं. पण हे आता बोलायचं कुणाजवळ? प्रतिभा चार वर्षांपूर्वी गेली. कावीळ झाली, आठ दिवसांत आटोपलं. धुडकूला भाऊ नाही, बहीण नाही. भाऊबंद आहेत, पण ते पाच पिढ्यांपलीकडचे, लग्नाच्या पंगतीपुरते.

गाव कोरीट. नंदुरबारला जायला वेळ लागत नाही, पण कुणी तिकडून येत नाही, असं धुडकू म्हणतो. तीन एकर रान आहे, त्यात मिरची आणि कापूस. थंडीत नंदुरबारला मिरच्यांच्या पथाऱ्या पडतात, म्हणजे मोकळ्या रानात लाल मिरची वाळत घालतात, तेव्हा धुडकू पोती शिवायला जातो. दाभण आणि सुतळी ही त्याची हत्यारं. त्या कामात माणसाला मिरचीचा इतका सराव होतो की शिंक येईनाशी होते. कपड्यांना, पिशव्यांना, अंथरुणाला मिरचीचा वास असतो आणि तो त्यालाच तेवढा कळत नाही. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

आता पोराला फौजेत कुणी पाठवलं, तर यानंच. हे कबूल करायला हवं. अमृत बारावी झाला आणि भरतीचं खूळ डोक्यात घेऊन बसला. सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांत पळायचं होतं. धुडकू रोज पहाटे चारला त्याला उठवायचा, मोटारसायकल काढायचा, शिवारातल्या रस्त्यावर दोन दगड ठेवून अंतर मोजून दिलेलं होतं तिथे न्यायचा, आणि हातात मोबाईल धरून वेळ बघायचा. "सहा मिनिटं," तो ओरडायचा, "आखो एक डाव." पोरगा ओकारी येईस्तोवर पळायचा. धुडकूला त्या वेळी असं वाटलंच नाही की पोरगा आपल्यापासून लांब पळतोय. त्याला वाटायचं आपण काहीतरी करून दाखवतोय. साडेपाच मिनिटं झाली त्या दिवशी त्यानं रस्त्यावरच पोराला उचललं होतं.

चार वर्षांच्या भरतीत निवड झाली तेव्हा गावानं ढोल लावले. स्टँडवर फ्लेक्स लागला, अमृतचा फोटो, मागे रणगाडा. लोक धुडकूचा हात हातात घेऊन म्हणायचे, "चार वरीसनी त गोट शे, येई जाई." चार वर्षं म्हणजे जणू चार दिवस. मग पोरगा गेला, ढोलवाले गेले, आणि फ्लेक्स उन्हानं पांढरा पडला. कुणीतरी तो काढून कचऱ्यात टाकायला निघालं होतं, धुडकूनं घरी आणला. कडब्यावर टाकायला बरा होता. टाकताना मात्र त्यानं फोटोची बाजू आत केली, पोराच्या तोंडावर पाऊस नको.

घर तेव्हापासून भलतंच मोठं झालं. दोन खोल्या आणि ओटा, त्यात मोठं काय असणार, पण झालं. धुडकूला पहाटे चारला जाग येते ती येतेच. उठवायला कुणी नाही. तो अंधारात बसून राहतो, मग उजाडलं की मोटारसायकल ढकलत अंगणात आणतो आणि पाच मिनिटं नुसतीच चालू ठेवतो. बॅटरी उतरू नये म्हणून, असं तो सांगतो. शेजारच्यांना त्याचा त्रास होतो, पण कुणी बोलत नाही.

आता रोटाचं सांगायला हवं, कारण सगळा घोळ तिथे झाला.

आपल्याकडे श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. नारळाला डोळे, नथ, मुखवटा लावून देवी मांडतात, रात्रभर गाणी होतात, सोमवारी तिला नदीवर पोचवतात. हे सगळं गल्लीत मिळून होतं, रमिलाबाईच्या घरी, कारण तिच्या घरचा चौरंग जुना आणि तिचा आवाज मोठा. पण रोट ज्याच्या त्याच्या घरचा. घरात जितकी माणसं, तितक्यांच्या नावानं सव्वा मूठ गहू मोजायचे. एक मूठ भरून, वर पाव मूठ. नाव घेऊन मोजायचे. ते दळायचे आणि त्याचा रोट करायचा. धुडकूच्या घरी रोट म्हणजे गुळाच्या पाण्यात मळलेली जाड पोळी, तव्यावर मंद आचेवर भाजलेली. आणि तो रोट फक्त घरच्यांनी खायचा. ज्याच्या नावची मूठ पडली त्यानंच. परक्याला देत नाहीत, लेक सासरी गेली तर तिलाही नाही, गुराढोराला नाही. टाकतही नाहीत. आणि पुनवेच्या आत संपवायचा. चुलत्यापुतण्यांचं मोठं खटलं असेल तर दोन दिवसांत फडशा पडतो. धुडकूच्या घरी आई होती तेव्हा चार मुठी पडायच्या. मग तीन. प्रतिभा गेल्यावर दोन.

गावात चुनीलालची चक्की आहे. कानबाईच्या आदल्या दिवशी तो चक्की धुऊन पुसून ठेवतो आणि फक्त रोटाचे गहू दळतो. सगळी गल्ली कळश्या, डबे घेऊन रांगेत उभी राहते. दोन मुठींचे गहू घेऊन धुडकू पहिल्यांदा गेला तेव्हा चुनीलाल हसला. "धुडकू, इतलं पीठ त मन्ही चक्कीच खाई जाई." बोलण्यात वाईट काही नव्हतं, खरंच होतं ते. चक्कीच्या दगडाला चिकटून हातात काय उरलं असतं? धुडकू वाटी घेऊन परत आला आणि आईचं जातं काढून बसला. त्या दिवसापासून तो रोटाचे गहू घरीच दळतो. कारण विचारलं तर म्हणतो जात्याच्या पिठाला चव असते. चवीचं काही नाही. त्याला रांगेत उभं राहून सगळ्यांसमोर ती वाटी पुढे करायची नसते.

अमृत ट्रेनिंगला गेला त्या वर्षी धुडकूनं दोघांच्या मुठी मोजल्या, रोट केला, आणि स्वतःचा खाऊन झाल्यावर अमृतचाही खाल्ला. टाकायचा तर नाही, द्यायचा तर नाही, मग करणार काय? चार दिवसांनी फोन आला. पळताना अमृतच्या पायाच्या हाडाला चीर गेली होती, सहा आठवडे प्लास्टर. पोरगा हसत सांगत होता, तिथे कित्येकांना होतं म्हणाला. धुडकूनं फोन ठेवला आणि भिंतीला टेकून बसला. पोराच्या वाट्याचा रोट आपण गिळला. देवीनं काय समजावं?

आता तुम्ही म्हणाल, हे काय खूळ. म्हणा. ज्याचं पोर हजार कोसांवर आहे आणि जिथे आहे त्या जागेचं नावही सांगत नाही, त्याला कुठेतरी बोट ठेवायला जागा लागते. धुडकूनं रोटावर बोट ठेवलं.

म्हणून गेल्या श्रावणात त्यानं ठरवलं की या खेपेला अमृतचा रोट अमृतच खाणार. पोस्टानं पाठवायचा. मनात एकच शंका होती, वाटेत इतक्या लोकांचे हात लागणार. तो रमिलाबाईकडे गेला. ती ओट्यावर वाती वळत होती. सगळं ऐकून म्हणाली, "हात लागना त चालस. तोंड नको लागाले."

रविवारी पहाटे चारला त्यानं जातं मांडलं. एक मूठ धुडकूची, एक मूठ अमृतची, प्रत्येकावर पाव. अमृतची मोजताना त्यानं बोटं जरा सैल धरली, म्हणजे चार दाणे जास्त येतील. अमृतचा रोट त्यानं वेगळा मळला, तूप जास्त घातलं, टिकावा म्हणून कोरडा खरपूस भाजला. स्टीलच्या डब्यात ठेवला. सोमवारी कानबाईला पोचवून आला आणि डबा शिवायला बसला. पांढरं कापड घरात नव्हतं. पथारीवरून आणलेली एक चांगली धड पिशवी होती, तिचं कापड त्यानं उलटं करून घेतलं आणि दाभणानं असा टाका घातला की मिरचीचं पोतं असतं तर ते कलकत्त्यापर्यंत फुटलं नसतं. पत्ता निळ्या पेनानं लिहिला. नंबर, नाव, पलटण, आणि खाली छप्पन एपीओ. हे गाव कुठल्या जिल्ह्यात येतं असं त्यानं पहिल्या वर्षी शाळेतल्या गुरुजींना विचारलं होतं. गुरुजी म्हणाले, ते गाव नाही, फौजेच्या डाकेचा नंबर आहे. पोराला साधं गावही नाही याचं त्याला फार वाईट वाटलं होतं.

नंदुरबारला पोस्टात त्यानं डबा दिला. पुनव पुढच्या सोमवारी. मधे सात दिवस. खिडकीतल्या बाईंना त्यानं तीनदा विचारलं, पोचेल ना. त्या म्हणाल्या, पोचायला हवं, काका. धुडकू परत आला, स्वतःच्या वाट्याचा रोट एका बैठकीत खाऊन मोकळा झाला, आणि मग त्याचे सात दिवस सुरू झाले. मिरचीला पाणी दे, कापसात गवत काढ, आणि दर घटकेला मोबाईल काढून बघ. पाऊस लागला की त्याला वाटायचं डबा भिजला. ऊन पडलं की वाटायचं रोट खराब झाला. बुधवार गेला, शुक्रवार गेला. शनिवारी त्यानं मोटारसायकल दोनदा चालू केली.

रविवारी दुपारी फोन वाजला. पुनवेला एक दिवस बाकी.

"बाबा, डबा भेटना," अमृत म्हणाला. मागे पोरांचा गलका ऐकू येत होता. डबा पोचला होता. धुडकू बांधावर बसला. त्याच्या डोळ्यांना पाणी आलं आणि ते त्यानं पुसलंही नाही, बघायला होतं कोण.

अमृत हसत हसत सांगत होता. त्यानं पिशवीचा टाका उसवला, कापड झटकलं, आणि आतल्या शिवणीत बसलेली मिरचीची सगळी धूळ बाहेर आली. "बठ्ठी बराक शिंकाले लागनी, बाबा." झोपलेले उठले, बाहेरचे आत आले, काय झालं काय झालं करत सगळे त्याच्या खाटेभोवती जमले. दहा जण. डोळे पुसताहेत, शिव्या देताहेत, हसताहेत. आणि मधे उघडा डबा. घरचं काय आलंय म्हणून सगळ्यांनी वाकून पाहिलं. "मंग काय, बठ्ठासनी एक एक घास खादा. गोड लागना त्यासले."

धुडकूला आधी नीट कळलंच नाही. त्यानं विचारलं, "तू किती खादा?"

"मी बी एक घास खादा ना."

सात दिवस जीव टांगणीला लावून जे पाठवलं ते दहा परक्या तोंडांत गेलं होतं. आणि पोरगा हसत होता. प्रतिभा असती तर तिनं हे नीट सांगितलं असतं. धुडकूला नीट सांगता येत नाही. भीती वाटली की तो ओरडतो, आयुष्यभर असंच चालत आलंय. तो ओरडला, "कानबाईना रोट परकासले दिधा? तुले लाज नही वाटनी?"

पलीकडचा गलका जरा बाजूला गेला. अमृत उठून कोपऱ्यात गेला असावा. मग तो हळू म्हणाला, "बाबा, आठे परका कोन शे?"

इथे परका कोण, या प्रश्नानं धुडकूचा राग उलट वाढला. "तुले काही समजस नही," तो म्हणाला आणि फोन कापला. कापला तेव्हाच त्याला कळलं की चुकलं. त्यानं लगेच परत लावला. लागला नाही. संध्याकाळी लावला, पुनवेला लावला, मंगळवारी लावला. तीच एक बाई तेच एक वाक्य बोलत राहिली, की आपण संपर्क करू इच्छिता तो ग्राहक आता उपलब्ध नाही.

मग जे दिवस आले ते कसे गेले ते धुडकूनंच जाणावेत. पोरगा अधूनमधून आठ दिवस फोनच्या बाहेर असायचा, हे नवीन नव्हतं. पण या वेळी गोष्ट वेगळी होती. मागच्या खेपेला बापानं रोट खाल्ला तर पाय मोडला. या वेळी दहा परक्यांनी खाल्ला. मग काय मोडेल? त्याला जेवण जाईना. भाकरी थापायची, भाजायची आणि झाकून ठेवायची, एवढंच. घरात तो मोठ्यानं बोलू लागला. बैलांशी तो आधीपासून बोलायचा, आता चुलीशी, दाराशीही बोलू लागला. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे कानात आपलाच आवाज घुमायचा. लाज नही वाटनी? पोराला शेवटचं काय बोललो, तर हे. अशी घाणेरडी भीती की ती कुणाला सांगितली तर खरी होईल असं वाटावं.

तरी एक दिवस तो रमिलाबाईकडे गेलाच. तिला सगळं सांगितलं. ती शेंगा सोलत होती, तिचे हात थांबले नाहीत.

"त्यासना नावनी मूठ टाकी व्हती का?" तिनं विचारलं.

"नही."

"मंग त्या परकाच. ज्यानी मूठ पडनी तो घरना." मग तिनं त्याच्याकडे पाहिलं आणि तिला दया आली असावी. "व्हई गयं ते व्हई गयं, भाऊ. जेवना का तू?"

तो जेवलो म्हणाला आणि उठला. वाटेत मात्र तिचं बोलणं त्याच्या डोक्यात फिरू लागलं. ज्याची मूठ पडली तो घरचा. आजवर हे वाक्य त्यानं एकाच बाजूनं ऐकलं होतं. घरचा असेल त्याची मूठ पडते. प्रतिभा या घरात आली तेव्हा कुठे घरची होती? पहिल्या श्रावणात आईनं तिच्या नावची मूठ टाकली, आणि तिनं रोट खाल्ला. तोवर तीही आमलाडची एक परकी पोरगी होती.

पोळ्याच्या दिवशी त्यानं बैल धुतले आणि अंगणात शिंगं रंगवायला घेतली. करायचं म्हणून करत होता. एका बैलाची झाली, दुसऱ्याचं एक शिंग झालं, आणि खिशात फोन वाजला. हात लाल रंगानं बरबटलेले. त्यानं तसाच काढला.

"बाबा, वर चौकीवर व्हतू. रेंज नव्हती. बरा शे मी."

बैलानं मान हलवली, घुंगरं वाजली, तेव्हा अमृत म्हणाला, "पोळा शे ना आज?"

"हां," धुडकू म्हणाला. पंधरा दिवस त्यानं मनात बोलणी जुळवून ठेवली होती. रागावू नको. त्या दिवशी मी भ्यालो होतो, तुला तसं म्हणायचं नव्हतं. त्यातलं एकही त्याला बोलता आलं नाही. तो म्हणाला, "नावं सांग."

"कोन्हा?"

"ज्यासनी तुन्हा रोट खादा त्यासना. एक एक करीसन सांग."

"कसाले, बाबा?"

"सांग त."

अमृतला काय कळलं, किती कळलं, कोण जाणे, पण तो सांगू लागला. धुडकूजवळ कागद नव्हता. त्यानं रंगाच्या भांड्यात बोट बुडवलं आणि दाराशेजारच्या भिंतीवर लिहायला सुरुवात केली. गुरविंदर. मुरुगन. बिस्वजित. इम्तियाज. नेगी. जोसेफ. थापा. लालरिना हे नाव त्यानं तीनदा विचारून घेतलं. दोन यादव होते, एक मोठा, एक छोटा. बोटानं लिहिलेली अक्षरं वेडीवाकडी आली, रंग खाली ओघळला.

"दहा व्हयनात," तो म्हणाला.

"हां, दहाच शेत." अमृतचा आवाज बारीक झाला होता. "बाबा, तू जेवना का?"

"जेवसू आते," धुडकू म्हणाला. आणि त्या दिवशी तो खरंच जेवला, पुरणाच्या तीन पोळ्या.

भिंतीवरची नावं पुढे वर्षभर राहिली. येणाराजाणारा विचारायचा, हे काय, कुठली यादी? धुडकू म्हणायचा, "घरन्या लोकसनी." लोकांना वाटलं म्हातारा एकटेपणानं जरा सरकलाय, आणि तेही अगदीच खोटं नव्हतं. पहाटे चारला जाग यायची ती यायचीच. मोटारसायकल तो चालू करायचाच. पण आता अंधारात बसलं की तो ती नावं पाठ म्हणायचा. फोन आला की विचारायचा, नेगीच्या बहिणीचं लग्न झालं का, मुरुगनचा ताप उतरला का. चेहरे त्यानं एकाचेही पाहिले नव्हते. होळीनंतर अमृत सांगू लागला की थापाची बदली झाली, त्याच्या जागी दुसरा आलाय. धुडकू म्हणाला, थापाला राहू दे, एकदा लिहिला तो लिहिला. त्याचा नवा पत्ता तेवढा दे.

अमृतला या श्रावणातही सुटी मिळाली नाही. मिळेल असं तो म्हणाला होता, आणि धुडकूनं चादरी धुऊन वाळवून ठेवल्या होत्या. मग नाही म्हणून कळलं. धुडकूनं चादरी परत घडी करून ठेवल्या. त्या रात्री तो रडला, हे लपवण्यात काही अर्थ नाही. नावं पाठ असल्यानं घर भरत नाही.

कानबाईच्या आदल्या दिवशी तो ओट्यावर बसला. पुढे गव्हाचं सूप, शेजारी पितळी कळशी, आणि समोर भिंत. तो एकेक नाव वाचायचा आणि मूठ टाकायचा, वर पाव. गुरविंदर. मुरुगन. बिस्वजित. प्रत्येकाला त्यानं अमृतला धरली तशीच सैल मूठ धरली. लालरिनाचं नाव नीट म्हणता आलं नाही म्हणून ते त्यानं दोनदा घेतलं, मूठ मात्र एकच टाकली, नियम म्हणजे नियम. मग अमृत. मग शेवटी धुडकू. त्याच्या हयातीत या घरात इतक्या मुठी कधी पडल्या नव्हत्या. आईच्या वेळेलाही नाही. आईची तीन पोरं जगली असती तर त्यांच्या पोराबाळांनी पडल्या असत्या.

जातं त्यानं काढलं नाही. कळशी खांद्यावर घेतली आणि सरळ चक्कीवर गेला, रांगेत उभा राहिला. पुढे सात बायका, दोन माणसं. रमिलाबाई होती, तिनं कळशीकडे पाहिलं. त्याचा नंबर आला तेव्हा चुनीलालनं कळशी हातात घेतली आणि वजनानं त्याचा हात जरा खाली गेला. तो दरवर्षी सगळ्यांना विचारतो तेच त्यानं विचारलं.

"कितला जण?"

"बारा," धुडकू म्हणाला.

चुनीलालनं कळशीत डोकावून पाहिलं, मग धुडकूकडे. "बारा? तुन्हा घरमा त तू एकलाच शेस ना?"

"हां," धुडकू म्हणाला. "आठे मी एकलाच शे."

चुनीलालनं गहू वर ओतले आणि चक्की सुरू केली.